शिरोडकर टाका: दादांच्या प्रश्नाचं उत्तर, आणि त्यांच्या आईंच्या प्रश्नाचंही

खानापूर तालुक्यातल्या एका दादांनी विचारलंय, थोडक्यात असं: बायकोचं दोनदा पाचव्या महिन्यात गेलं, आता तिसऱ्यांदा दिवस गेलेत, अकरावा आठवडा चालू आहे, बेळगावच्या डॉक्टरांनी "शिरोडकर टाका घालूया", म्हणजे गर्भपिशवीचं तोंड टाक्यानं बांधूया, म्हणून सांगितलंय. घरात निम्मी माणसं नको म्हणतात, टाक्यानं बाळाला इजा होते, आणि मग सिझर ठरलेलंच. आणि आई, ज्यांचं माहेर गोव्याचं, त्या म्हणतात शिरोडकर हे आमच्याकडचं आडनाव, हे डॉक्टर कुठं बसतात विचार, दुसऱ्या कुणाकडे कशाला, त्यांच्याकडेच जाऊया की.

मी तीस-बत्तीस वर्षं याच भागात बाळंतपणं करतेय, बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळीकडच्या बायका बघितल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लांबेल, पण तुमच्याकडे अजून आठवडाभर वेळ आहे, निवांत वाचा आणि बायकोलाही वाचायला द्या.

आधी एक सांगते. तुम्ही "दोनदा गेलं" एवढंच लिहून पुढं गेलात. पाचव्या महिन्यात बाळ हलायला लागलेलं असतं, अंगात दूध उतरतं, त्या बाईला कळा देऊन बाळंत व्हावं लागतं आणि घरी रिकाम्या हातानं यावं लागतं. तिच्यासाठी ती दोन बाळंतपणंच आहेत. त्यामुळे टाका घालायचा का, सिझर होईल का, शिरोडकर कोण, हे सगळे प्रश्न बरोबरच आहेत, पण तुमच्या घरातला खरा प्रश्न "तिसऱ्यांदाही असंच होणार का" हा आहे, आणि त्याचं उत्तर टाक्याच्या दोऱ्यात कमी आणि त्या दोन वेळी नेमकं काय कसं घडलं यात जास्त आहे. हे मी मनाचं सांगत नाही, शिरोडकरांनीच घालून दिलेली वाट आहे ती, म्हणून आईंच्या प्रश्नापासून सुरुवात करते.

आईंना सांगा, ओळख बरोबर आहे. डॉक्टर विठ्ठल नागेश शिरोडकर, जन्म 1899, गोव्यातलं शिरोडा गाव, गावावरूनच आडनाव. पण शाळा कुठं झाली माहितेय? हुबळीला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य, इंग्रजी शिकायचं तर मुलांना घाट चढून बेळगाव-धारवाड-हुबळीकडे नाहीतर थेट मुंबईला जावं लागायचं, आणि हा सगळा भाग तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे हुबळीच्या पोरानं पुढं डॉक्टरकीला मुंबई गाठणं म्हणजे सरळ रस्ता. ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1923 ला एमबीबीएस, 1927 ला बाळंतशास्त्र आणि स्त्रीरोगात एमडी, मग इंग्लंडला जाऊन 1931 ला एफआरसीएस, म्हणजे तिथली सर्जनची मोठी पदवी. परत येऊन जेजे हॉस्पिटल आणि ग्रँट मेडिकलमध्येच शिकवलं, प्रोफेसर झाले. 1971 ला ते वारले. म्हणजे त्यांच्याकडे जाता येणार नाही, पण त्यांचं काम तुमच्या बेळगावच्या डॉक्टरांच्या हातात आहे, आणि आमच्या भागात आजही बाई दारातून येतानाच म्हणते, "डॉक्टर, माज्या भनीला शिरोडकर घातलेला, मला पण घालावा लागंल काय?" कन्नड बायका टाक्याला होलिगी म्हणतात, पण आडनाव त्यांच्याही तोंडी तेच. एका डॉक्टरचं नाव इतक्या घरांत आईच्या, बहिणीच्या आठवणीत राहिलेलं मी तरी दुसरं बघितलं नाही.

आता त्यांनी केलं काय. त्यांच्याकडे अशा बायका यायच्या ज्यांचं पुन्हा पुन्हा चौथ्या ते सातव्या महिन्यात जायचं. त्या काळी उपाय काय, तर खाटेवर झोपवून ठेवा आणि हार्मोनची इंजेक्शनं द्या. शिरोडकरांच्या लक्षात आलं की काही बायकांना कितीही झोपवा, कितीही इंजेक्शनं द्या, काही फरक पडत नाही, कारण त्यांचा दोष बाळात नाही आणि हार्मोनातही नाही, पिशवीच्या तोंडात आहे. पिशवीचं तोंड म्हणजे सर्व्हिक्स. ते नऊ महिने घट्ट मिटून राहायला हवं, या बायकांत ते चार-पाच महिन्यांतच कळा नसताना गुपचूप उघडायला लागतं.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. सोनोग्राफीचा पहिला मोठा पेपर आला 1958 ला, स्कॉटलंडमधून. शिरोडकरांनी टाक्याचं लिहिलं 1955 ला. म्हणजे पिशवीचं तोंड किती मिलिमीटर आहे हे दाखवणारं मशीन त्यांच्याकडे नव्हतं. त्यांच्याकडे होती बाईची हकीकत आणि स्वतःची दोन बोटं. बाई सांगणार, डॉक्टर कळाच आल्या नाहीत हो, नुसतं खाली जड वाटलं, बाथरूमला गेले आणि झालं. ते वाक्य ऐकून त्यातून रोग ओळखायचा. मला विचाराल तर टाक्याच्या आधीचं हे ऐकणं, हीच त्यांची मोठी देणगी आहे, आणि आज आम्ही डॉक्टर लोक नेमकं तेच घाईत उरकतो. ओपीडीत पन्नास बायका असतात, कागदावर "टू अबॉर्शन्स" लिहिलं की झालं.

टाका कसा, ते पोत्यावरून सांगते. भाताचं पोतं भरलं की तोंड दाभणानं सुतळी घालून शिवतो ना? पोतं उभं असेपर्यंत तोंड सैल असलं तरी चालतं, उलटं केलं की सगळा भार तोंडावर येतो. पिशवी तशीच उलटी, तोंड खाली, आणि पाचव्या महिन्यापासून बाळ-पाणी मिळून भार वाढायला लागतो. शिरोडकरांच्या आधी 1950 ला अमेरिकेत लॅश नावाच्या डॉक्टरांनी तोंडाची दुरुस्ती करायची पद्धत सांगितली होती, पण ती दिवस नसताना. शिरोडकरांनी दिवस असतानाच तोंडाभोवती पट्टा घातला, तोही जितका वर घालता येईल तितका वर, आतल्या तोंडाशी. त्यासाठी पुढून मूत्राशय थोडं वर सरकवायचं, मागूनही जागा करायची आणि पट्टा गोल फिरवून बांधायचा. पट्टा कशाचा? त्या बाईच्याच मांडीतल्या स्नायूवरच्या पांढऱ्या चिवट पडद्याची पट्टी काढून. शरीराला परका दोरा नको म्हणून स्वतःचीच पट्टी. पुढं मर्सिलीन टेप, म्हणजे कृत्रिम धाग्याची पट्टी, आली, मग मांडी कापायची गरज राहिली नाही. आणि हे सगळं छापलं कुठं, तर लंडनला नाही, मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' नावाच्या मासिकात. तिथून ते जगभर गेलं.

दोनच वर्षांनी, 1957 ला, ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मॅकडोनाल्ड नावाच्या डॉक्टरनं सोपी पद्धत काढली. कापायचं नाही, मूत्राशय सरकवायचं नाही, बटव्याला नाडी ओवतात तसं तोंडाभोवती चार-पाच ठिकाणी सुई घेऊन दोरा आवळायचा. आज आमच्या भागात बहुतेक ठिकाणी हाच घालतात, आणि सगळे त्याला शिरोडकरच म्हणतात. तुमच्या बायकोलाही बहुधा हाच घातला जाईल. त्यात फसवणूक काही नाही, साध्या टाक्यानं भागत असेल तर तोच बरा, काढायलाही सोपा. ज्यांचं पिशवीचं तोंड आधीच आखूड किंवा फाटलेलं आहे, किंवा आधी साधा टाका घालूनही गेलंय, त्यांच्यात आम्ही खरा वरचा शिरोडकर घालायचा विचार करतो.

तर आता मुद्द्याचं. तुमच्या बायकोला टाका लागेल का? लांबून मी हो किंवा नाही म्हणणार नाही, ते त्या दोन हकीकतींवर आहे. आधी कळा आल्या की आधी पाणी गेलं की काहीच नाही आणि एकदम बाळ आलं? ताप होता का, अंगावरून वास येणारं जात होतं का? रक्त कधी सुरू झालं, आधी की नंतर? बाळ बाहेर आलं तेव्हा जिवंत होतं का, थोडा वेळ तरी श्वास घेतला का? किती आठवडे नक्की, दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा लवकर झालं का? लग्नाआधी-नंतर कधी पिशवी साफ केलेली आहे का, तोंडावर काही ऑपरेशन? हे प्रश्न तुम्हाला नाही, तिला विचारायचेत, आणि सासू-दीर-नणंद खोलीत नसताना. काही उत्तरं बायका नवऱ्यासमोरही देत नाहीत, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, थोडा वेळ बाहेर थांबा.

कळा नाहीत, रक्त नाही, ताप नाही, बाळ जिवंत आणि तोंड आपोआप उघडलं, असं दोन्ही वेळा असेल तर गोष्ट पिशवीच्या तोंडाकडे बोट दाखवते आणि टाक्याचा उपयोग व्हायची शक्यता चांगली. पण आधी ताप, मग पाणी, मग कळा असा क्रम असेल तर इन्फेक्शन शोधायला हवं. बाळ पोटातच गेलेलं असेल तर शुगर, बीपी, थायरॉईड, रक्त गोठण्याचे दोष बघायला हवेत. पिशवीच्या आत पडदा असेल तर ते वेगळंच. या सगळ्यांत टाका म्हणजे कुलूप एका दाराला आणि चोर दुसऱ्या दारानं.

हे मी शिकले ते चूक करून शिकले. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं, निपाणीकडची एक बाई, तंबाखूच्या कामावर जाणारी, दोनदा पाचव्या महिन्यात गेलेलं. कागद बघितला, मनात "शिरोडकर" आलं आणि तेराव्या आठवड्यात घातला. सतराव्या आठवड्यात ती थंडी-तापानं भरली, पाणी जात होतं, टाका कापून काढावा लागला आणि बाळ गेलं, तिचाही जीव दोन दिवस टांगणीला होता. माझ्या सरांना फोन केला तर त्यांनी एवढंच विचारलं, आधीच्या दोन वेळी काय झालं होतं ते तिला विचारलंस का? मी कागदाला विचारलं होतं. मग तिच्या उशाशी बसून विचारलं, तर दोन्ही वेळा आधी ताप, मग पाणी. तिच्या आईनं सगळं घडाघडा सांगितलं, तारखेसकट. सरळ लिहिते, ती चूक माझीच होती. पुढच्या वेळी तिला टाका घातला नाही, दिवस राहायच्या आधी लघवीचं आणि आतलं इन्फेक्शन तपासून नीट औषध दिलं, मध्ये-मध्ये तपासत राहिलो, आणि साडेआठ महिने भरून तिला मुलगा झाला. त्या दिवसापासून माझ्याकडे अशी बाई आली की मी पेन खाली ठेवते आणि आधी ऐकते.

आता आकडे, कारण घरात वाद झाला की आकडे लागतात. या टाक्यावर मोठी चाचणी 1993 ला छापून आली, 1292 बायका, निम्म्यांना टाका, निम्म्यांना नाही. त्या सगळ्या अशा होत्या की टाका घालावा की नाही याबद्दल डॉक्टरांनाच खात्री नव्हती. निष्कर्ष असा की साधारण 25 टाके घातले तर एकीचं खूप लवकरचं बाळंतपण टळलं. ऐकायला कमी वाटतं. पण ज्यांचं तीन किंवा जास्त वेळा लवकर झालेलं होतं, त्यांच्यात 33 आठवड्यांच्या आत बाळंत होण्याचं प्रमाण 32 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आलं. म्हणजे टाका तोच, फरक कुणाला घातला याचा.

म्हणूनच यात मतं दोन आहेत. इंग्लंडच्या डॉक्टरांचा नियम साधारण असा की तीन वेळा झालेलं असेल तर नुसत्या हकीकतीवर टाका घाला, नाहीतर सोनोग्राफीनं बघत राहा. अमेरिकेत विना-कळा एकदा जरी मधल्या महिन्यात गेलं तरी टाक्याचा विचार करतात. तुमचं दोनदा झालंय, म्हणजे तुम्ही मध्ये आहात, आणि मग ठरतं ते परिस्थितीवर. दुसरा मार्ग असा की सोळाव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत दर दोन आठवड्यांनी खालून सोनोग्राफी करायची, पिशवीच्या तोंडाची लांबी 25 मिलिमीटरच्या वर असेल तर टाका नाही, खाली आली तर लगेच टाका. बेळगावात टिळकवाडीत राहणाऱ्या बाईला मी हा मार्ग सांगेन, रिक्षानं दहा मिनिटांत येते. पण कणकुंबी-जांबोटीच्या रानातल्या वाडीवरनं, जुलैच्या पावसात, ओढ्याला पाणी असताना, दर दोन आठवड्यांनी येणं जमेल का? आणि एक फेरी चुकली, तेवढ्यात तोंड उघडलं, तर? पुस्तक लिहिणाऱ्याला ओढा माहीत नसतो. अशा घरातल्या बाईची हकीकत पक्की असेल तर मी बाराव्या-तेराव्या आठवड्यातच टाका घालते, वाट बघत बसत नाही. तुमच्या डॉक्टरांनीही बहुतेक तुमचं गाव बघूनच सांगितलं असेल, विचारून बघा.

टाक्याच्या आधी काय काय बघतात तेही माहीत असू दे. बारा-तेरा आठवड्यांचा स्कॅन करून बाळ व्यवस्थित आहे, ठोके आहेत, एकच आहे, हे बघायचं. जुळं असेल तर नुसतं जुळं म्हणून टाका घालण्याचा फायदा होत नाही. लघवी तपासायची, आत इन्फेक्शन असेल तर आधी ते बरं करायचं. रक्त जातंय, कळा आहेत, पाणी फुटलंय अशा वेळी टाका घालायचा नाही, कितीही कुणी आग्रह केला तरी. घालतात तो कमरेत इंजेक्शन देऊन, खालचा भाग बधिर, बाई जागी असते, साधा टाका असेल तर वीसेक मिनिटांचं काम. पोटावर कुठं काप नाही. सुई बाळापर्यंत जात नाही, ती फक्त तोंडाच्या मांसातून फिरते, बाळ आणि त्याच्या पाण्याची पिशवी त्याच्या वर असते. बाळाला इजा होते या भीतीला एवढंच उत्तर आहे. धोका आहे तो वेगळा, घालताना क्वचित पाणी फुटू शकतं, नंतर इन्फेक्शन होऊ शकतं, आणि हे डॉक्टरांनी तुम्हाला आधी सांगायला पाहिजे. न सांगता सही घेत असतील तर विचारा. एक किंवा दोन दिवसांत घरी.

सिझरचं. टाका म्हणजे सिझर, हा आमच्या भागातला पक्का समज आहे आणि तो चुकीचा आहे. टाका छत्तीस-सदतीस आठवड्यांना काढतात, साधा टाका असेल तर ओपीडीतच, कापून ओढला की पाच मिनिटांत निघतो, आणि मग कळा येतील तेव्हा नेहमीसारखं बाळंतपण. वरचा शिरोडकर असेल आणि गाठ आत झाकलेली असेल तर काढताना पुन्हा भूल लागू शकते, आणि त्या बाईला दुसऱ्या कारणानं सिझर करायचंच असेल तर टाका त्याच वेळी काढतात. पण टाका काढायचा विसरून जाणं, हे मात्र भयंकर. कळा सुरू आणि टाका आत, तर पिशवीचं तोंड फाटू शकतं. असं मी बघितलंय, बाई सातव्या महिन्यात माहेरी दुसऱ्या तालुक्यात गेली, तिकडच्या दवाखान्यात कुणाला सांगितलंच नाही की टाका आहे. म्हणून टाका घातला की तायी कार्डावर, म्हणजे गरोदर बाईच्या तपासणीच्या सरकारी कार्डावर, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या: टाका आहे, या तारखेला घातला, या तारखेला काढायचा. मराठीत लिहा, कन्नडमध्ये पण लिहा, आशाताईला सांगा, माहेरी सांगा.

झोपून राहायचं का? तुमच्या घरचे म्हणणार चार महिने खाटेवरनं उठायचं नाही. शिरोडकरांनीच बघितलं होतं की नुसत्या झोपून राहण्यानं अशा बायकांचं टिकत नाही, आणि पुढच्या अभ्यासांतही अंथरुणाला खिळवून ठेवण्याचा फायदा दिसलेला नाही, उलट पायात रक्ताची गाठ व्हायचा धोका, स्नायू जातात, आणि मन तर पार खचतं. मी सांगते घरातलं हलकं काम करू दे, स्वयंपाक करू दे, दारात फिरू दे, पण पाण्याच्या घागरी नाहीत, लाकडाचा भारा नाही, शेणाची बुट्टी नाही, रोप लावणीला वाकणं नाही, आणि नवरा-बायकोंनी थोडा संयम. काहींना आम्ही प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या गोळ्या रात्री आत ठेवायला देतो, तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. पाणी गेल्यासारखं, रक्त, राहून राहून पोट आवळणं, ताप, घाण वास, यातलं काहीही झालं तर रात्री दोन वाजता सुद्धा निघायचं, सकाळची वाट नाही, 108 ला फोन. आणि जायचं तिथं जिथं कमी दिवसांच्या बाळाला ठेवायची सोय आहे, कारण अठ्ठावीस-तीस आठवड्यांना जरी झालं तरी आईला वेळेत बाळाची फुप्फुसं तयार व्हायचं इंजेक्शन मिळालं आणि बाळ नीट युनिटमध्ये पोचलं तर आज ती मुलं जगतात. हे शिरोडकरांच्या काळात नव्हतं, त्यांना बाळ पोटातच टिकवण्यावाचून दुसरा रस्ताच नव्हता.

जांबोटीकडची एक बाई सांगते, तिची आठवण आली म्हणूनच तुम्हाला उत्तर लिहायला बसले. तीनदा गेलेलं, तिन्ही वेळा कळा नाहीत. टाका घातला आणि पावसाळाभर तिला वडगावात बहिणीकडे ठेवायला सांगितलं. नवरा दर रविवारी एसटीनं यायचा, घरचे तांदूळ घेऊन. सदतिसाव्या आठवड्यात टाका काढला, तर तिला वाटलं आता लगेच बाळ पडणार, टेबलावर माझा हात सोडेना. बाळ आलं त्यानंतर नऊ दिवसांनी, साधं बाळंतपण, मुलगी. तिच्या सासूनं मला विचारलं, टाका कुणी काढला हा शोध? मी म्हटलं, शिरोडकर म्हणून होते, हुबळीला शिकलेले. तर त्या म्हणाल्या, म्हंजे आपलाच की.

आपलेच. आईंना आणखी सांगायचं असेल तर, या माणसानं फक्त हा एक टाका नाही दिला. तरुण बायकांचं अंग बाहेर येतं, म्हणजे पिशवी खाली सरकते, आपल्या भागात बाळंतपणानंतर सव्वा महिना व्हायच्या आत भारे उचलल्यानं हे फार, त्यासाठी पिशवी न काढता पट्ट्यानं वर बांधायचं ऑपरेशन त्यांच्या नावानं आहे, म्हणजे पुढं मूल व्हायची आशा राहते. बंद गर्भनळ्या उघडायच्या ऑपरेशनांवर काम केलं. फॅमिली प्लॅनिंग असोसिएशनच्या स्थापनेत होते, म्हणजे ज्याला मूल हवं त्याचं टिकवायचं आणि ज्याला पुरे झालं त्याला थांबवायची सोय द्यायची, दोन्ही एकाच माणसानं. 1960 ला पद्मभूषण आणि 1971 ला पद्मविभूषण मिळालं.

आणि असं नाही की मोठी कामं फक्त मुंबईत होतात. बाळंतपणानंतर अति रक्तस्राव होऊन बायका मरतात, त्यावर आपल्या बेळगाव जिल्ह्यातच 2002 ते 2005 मध्ये अभ्यास झाला, 1620 बायका, खेड्यातल्या एएनएम सिस्टरांनी, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सांनी, बाळंतपण झाल्या झाल्या पिशवी आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, आणि रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. बेळगावच्या जेएनएमसी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांचा यात मोठा वाटा, 2006 ला लॅन्सेट या इंग्लंडच्या वैद्यकीय मासिकात छापून आलं, आणि 2011 ला जागतिक आरोग्य संघटनेनं या वापरासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. हुबळीच्या शाळेतल्या मुलाचा टाका जगभर गेला तशी बेळगावच्या खेड्यातल्या सिस्टरांनी दिलेली गोळीही गेली. मला याचा फार अभिमान आहे, म्हणून विषय जरा सोडून सांगितलं.

आणखी एक. जुन्या इंग्रजी कागदांवर "इनकॉम्पिटंट सर्व्हिक्स" असा शब्द असतो. इनकॉम्पिटंट म्हणजे नालायक. इंग्रजी येणाऱ्या एका सुनेनं तो माझ्यासमोर वाचला आणि रडायला लागली, म्हणाली डॉक्टर, म्हणजे मी नालायक का? मी त्या दिवसापासून तो शब्द लिहायचा सोडला. तुमच्या फाईलमध्ये असेल तर बायकोला सांगा की तो फक्त जुना शब्द आहे, तिनं काही केलेलं नाही, ना जिना चढल्यानं झालं, ना पपई खाल्ल्यानं, ना कुणाच्या नजरेनं.

तर आता तुम्ही करायचं एवढंच, या आठवड्यात. आधीच्या दोन्ही वेळचे जितके मिळतील तितके कागद गोळा करा, डिस्चार्ज कार्ड, स्कॅन, तपासलं असेल तर बाळाचे आणि वारेचे रिपोर्ट. दोन्ही वेळी काय काय कोणत्या क्रमानं झालं ते बायकोला तिच्याच शब्दांत एका वहीच्या पानावर लिहू दे, मराठीत चालेल, घाई करू नका, मध्ये रडली तर थांबा. ते पान डॉक्टरांच्या हातात द्या आणि म्हणा, आधी हे वाचा, मग टाक्याचं ठरवूया. चांगले डॉक्टर असतील तर वाचतीलच. आणि वाचायला वेळ नाही म्हणाले तर तेच पान घेऊन दुसरीकडे जा, बारा-तेरा आठवड्यांच्या आत. ठरलं की मला इथंच खाली कळवा, टाका घातला तरी आणि नाही घातला तरी, आणि आईंना माझा नमस्कार सांगा.